गिरणी बंद पडली, जागा तर आहे ना!

तालुक्याच्या गावात पत्ता सांगताना अजूनही सांगतात, "जिनिंगच्या मागची गल्ली" किंवा "सूतगिरणीच्या फाटकासमोर". तिथला भोंगा वाजायचा बंद होऊन वीस-पंचवीस वर्षं झालेली असतात, पण पत्ता तोच. खानदेश, वऱ्हाड, मराठवाडा या कापसाच्या पट्ट्यात तर अशी किती गावं सांगावीत! दोन-चार एकरांचं कंपाउंड, गंजलेलं फाटक, अर्धी ढासळलेली भिंत आणि आत वेड्या बाभळीचं रान. दिवसा तिथं गावाचा कचरा पडतो, संध्याकाळी पत्त्यांचा डाव बसतो. अंधार पडला की बायका-मुली त्या भिंतीकडेनं न जाता लांबचा रस्ता धरतात.

आणि त्याच गावात डॉक्टरांनी "रोज चाळीस मिनिटं चाला" म्हणून सांगितलेल्या बायका पहाटे हायवेच्या कडेनं चालत असतात. ट्रक अंगावरून गेल्यासारखा जातो, पदर सावरत थांबायचं, पुन्हा चालायचं. गावात मोकळी जागाच नाही, असं आपण म्हणतो. जागा असते. ती भिंतीआड असते, इतकंच.

अशा जागेची बाग होऊ शकते का? होऊ शकते, झालेली आहे, आपल्या देशातही झाली आहे. पण त्याआधी, जागा नुसती पडून राहिली तर काय होतं ते मुंबईच्या गिरणगावानं आपल्याला दाखवून ठेवलंय, तेवढं एकदा डोळ्याखालून घालू या.

जानेवारी १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. पुढची कहाणी आपल्यापैकी अनेकींच्या माहेरच्या, सासरच्या घरात घडलेली आहे, ती वेगळी सांगायला नको. गिरण्या बंद पडल्या आणि शहराच्या मधोमध सुमारे ६०० एकर जमीन उरली. १९९१ साली सरकारनं नियम केला, विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ क्रमांकाचा. त्याचं साधं सूत्र असं, की गिरणीची जागा विकसित करताना ढोबळमानानं एक तृतीयांश महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. किती छान! पण २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी करायची ती फक्त गिरणीच्या आवारातल्या आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची, शेडखालच्या जागेची नाही, असं ठरलं. आता गिरणी म्हणजे सगळी शेडच की! वाट्याला येणारी जागा एकदम आकसली. पर्यावरणवाद्यांची संस्था कोर्टात गेली, २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकली, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मालकांच्या बाजूनं निकाल दिला. आज लोअर परळला जाऊन बघा. मॉल आहेत, काचेचे टॉवर आहेत. आजीबाईनं नातवाला घेऊन बसावं अशी जागा किती, ते तिथं राहणाऱ्या आपल्या नातलगांना विचारा.

एका शब्दाच्या अर्थावर शेकडो एकर इकडचे तिकडे झाले. तेव्हा आपल्या गावच्या कागदावर काय लिहिलंय, हे बायकांनीही वाचलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. त्याकडे शेवटी येतेच.

आमच्या गावातही असं एक जिनिंगचं कंपाउंड आहे. महिला मंडळातर्फे आम्ही काही जणी नगरपरिषदेत निवेदन घेऊन गेलो. साहेबांनी बसवून चहा पाजला, ऐकून घेतलं आणि भिंतीवरचं एक रंगीत चित्र दाखवलं. मध्ये कारंजं, भोवती हिरवंगार लॉन, सिमेंटचा जिराफ, पेव्हर ब्लॉकचे रस्ते आणि एक सेल्फी पॉइंट. "निधी आला की असंच करू, ताई." मी विचारलं, "साहेब, लॉनला पाणी कुठलं?" नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावात हा प्रश्न काही फार हुशारीचा नव्हे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे अजून कोणी विसरलेलं नाही. साहेब हसले. बरोबरच्या वहिनी म्हणाल्या, "लॉनवर तर बसूपण देत नाहीत, पाटी लावतात."

मग बाग कशी असावी? या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर दिल्लीच्या वेशीवर, गुडगावला म्हणजे आताच्या गुरुग्रामला आहे. तिथं अरवली जैवविविधता उद्यान आहे, सुमारे ३८० एकरांचं. ही जागा म्हणजे अरवलीच्या डोंगरातल्या दगडखाणी. वर्षानुवर्षं तिथं सुरुंग लागत होते, क्रशर चालत होते, त्या दगडावर दिल्ली आणि गुडगाव उभं राहिलं. न्यायालयाच्या आदेशांनी खाणकाम थांबलं आणि मागे राहिले खड्डे, उघडे कडे, खडी आणि त्यावर माजलेली वेडी बाभूळ. त्यांच्याकडे तिला विलायती किकर म्हणतात.

त्या वेळी गुडगाव म्हणजे नुसत्या उंच इमारतींचं शहर झालं होतं. तिथं 'आय अ‍ॅम गुडगाव' नावाचा नागरिकांचा गट उभा राहिला. त्याच्या संस्थापकांपैकी एक लतिका ठुकराल. बाई बँकेत मोठ्या हुद्द्यावर होत्या, ती नोकरी सोडून या कामात पडल्या. पुढे त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला, पण तो पुढचा भाग. आधी शहरात झाडं लावायची मोहीम काढली आणि २०१० साली महानगरपालिकेबरोबर या खाणीच्या जागेचं काम हाती घेतलं. जमीन पालिकेची, राबणं नागरिकांचं आणि पैशासाठी कंपन्यांकडे पदर पसरायचा, अशी मांडणी. कंपन्यांचे कर्मचारी आणि शाळेची मुलं झाडं लावायला येत. जागेवर पुढारी येऊन एक रोप लावून फोटो काढून गेला आणि संपलं, असं तिथं झालं नाही.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते झाडांच्या निवडीचं काम. ते पाहिलं विजय धस्माना यांनी. त्यांनी असा विचार केला, की खाण लागण्यापूर्वी या डोंगरावर काय असेल? ते कळायचं कसं? तर जवळच मांगर नावाच्या गावात एक 'बनी' आहे, म्हणजे आपल्याकडची देवराई. देवाच्या धाकानं लोकांनी तिथली फांदीसुद्धा तोडलेली नाही. तिथं आणि राजस्थानातल्या अरवलीत हिंडून त्यांनी पाहिलं कड्यावर काय उगवतं, घळीत काय, सपाटीवर काय. तिथूनच बिया गोळा केल्या, कारण ही झाडं कुठल्याच नर्सरीत विकत मिळत नव्हती. नर्सरीत मिळतो गुलमोहर, अशोक, बाटलीपाम! म्हणून उद्यानाची स्वतःची रोपवाटिका उभी केली. वेडी बाभूळ हटवत हटवत तिच्या जागी धाऊ लावला, सालई, कांडोळ, पळस, खैर लावला.

ही नावं वाचून तुमच्यापैकी कोणी म्हणेल, अगं, ही तर आपलीच झाडं! हो ना. धाऊ म्हणजे आपल्या धावड्याचा सख्खा भाऊ. सालईचा डिंक आपण धुपाला वापरतो. कांडोळ, ज्याचं पांढरंफेक खोड चांदण्यात पाहून लहानपणी आपली बोबडी वळायची, त्याचाही डिंक औषधी. पळस तर सांगायलाच नको, पत्रावळीपासून रंगपंचमीपर्यंत. उघड्या दगडात, पाण्याविना, गुरांनी ओरबाडलं तरी पुन्हा फुटणारी ही झाडं. पहिली काही वर्षं राखायची आणि मग त्यांची ती वाढतात. टँकर लागत नाही.

तिथं आता दीडशेहून अधिक जातींचे पक्षी दिसल्याच्या नोंदी आहेत. चालायला पायवाटा आहेत. २०१८-१९ च्या सुमारास त्या उद्यानातून मोठा रस्ता काढायचा घाट घातला गेला, तेव्हा हीच झाडं लावणारी मुलं, त्यांच्या आया, आजोबा हातात पाट्या घेऊन उभे राहिले. ज्या रोपाला आपण पाणी घातलं त्याच्यावरून बुलडोझर जाणार म्हटल्यावर माणूस घरात बसत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत या जागेला वन्यजीव संवर्धनाच्या दृष्टीनं एक खास आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. अभयारण्य नसूनही निसर्ग राखणारी जागा, असा तो दर्जा. तो मिळालेलं देशातलं हे पहिलं ठिकाण. दगडाच्या खाणीला!

आता कोणी म्हणेल, ३८० एकर कुठे आणि आमची चार एकरांची जिनिंग कुठे. खरं आहे. गुडगावला कंपन्यांचा पैसा होता, इंग्रजीत बोलणारी, साहेबाला फोन लावू शकणारी माणसं होती. आपल्याकडे ते नसेल. पण रीत तीच लागू पडते. गावाजवळच्या देवराईत, टेकडीवर, ओढ्याकाठी काय उगवतं ते जुन्या माणसांना विचारायचं, बिया गोळा करायच्या, दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत रोपं करायची. याला निधी लागत नाही. बचत गटातल्या बायकांना हे काम कोणी शिकवायलाही लागत नाही.

वेड्या बाभळीबद्दल मात्र एक सांगायला हवं. ही बया मूळची अमेरिका खंडातली, इंग्रजांच्या काळात इकडे आणली. गुजरातेत तिला 'गांडो बावळ' म्हणतात, म्हणजे पुन्हा वेडीच! तिच्याखाली दुसरं काही उगवू देत नाही. पण गावातल्या किती तरी घरांची चूल तिच्यावर पेटते. आमच्या कंपाउंडमधून रोज सात-आठ जणी मोळ्या नेतात. शेळ्या चरतात. मागच्या वस्तीत संडासाला पाणी नसलं की बायका पहाटे तिथंच जातात, हेही लिहून टाकते, लाजण्यासारखं त्यात त्या बायकांचं काही नाही. ही जागा 'पडीक' आहे असं आपण म्हणतो ते आपल्यापुरतं. त्यांच्यासाठी ती चालू आहे. बाग करायची म्हणून उद्या तार ठोकली आणि वॉचमन बसवला तर या बायका कुठे जातील? हे आधी त्यांनाच विचारलं पाहिजे. बाभूळ एकदम न काढता टप्प्याटप्प्यानं काढली तर दोन-तीन वर्षं सरपण मिळतं. रोपवाटिकेचं मजुरीचं काम आधी त्यांना देता येतं. आमच्या सभेत यावर बरीच वादावादी झाली. "त्यांना आत घेतलं तर बाग कशी राहील?" असं एक बाई म्हणाल्या. मी म्हटलं, त्यांना बाहेर ठेवलं तर ती राहणारच नाही.

आता जरा काळजीचं. कारखान्याची जमीन ही शेताची जमीन नसते. तिथं काय बनत होतं, हा पहिला प्रश्न विचारायचा आणि मग कुदळ हातात घ्यायची.

अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरात तळ्याच्या काठी एक गॅसचा कारखाना होता. १९०६ ते १९५६ अशी पन्नास वर्षं तिथं आधी कोळशापासून आणि नंतर तेलापासून गॅस तयार होत असे. तो बंद पडल्यावर शहरानं जागा घेतली आणि १९७५ साली तिथं बाग खुली झाली, गॅस वर्क्स पार्क. रिचर्ड हाग या रचनाकारानं ती केली. जुने मनोरे त्यानं पाडू दिले नाहीत. पंप आणि कॉम्प्रेसरच्या शेडमध्ये यंत्रांना रंग देऊन मुलांची खेळायची जागा केली. पाडापाडीच्या राडारोड्यावर माती टाकून टेकडी केली, तिच्यावर लोक पतंग उडवतात. पण जमिनीत डांबर आणि तेलाची घाण मुरलेली. ती काढून किती काढणार? त्यानं मातीत भुसा आणि मैलागाळ मिसळून, जिवाणूंकडून घाण कुजवायचा प्रयोग केला. बराच साधलाही. तरी १९८४ साली तपासणीत धोका दिसला म्हणून बाग काही काळ बंद ठेवावी लागली. नंतर पुन्हा मातीचे थर टाकावे लागले. तळ्याच्या पाण्यात उतरायला तिथं मनाई आहे. पन्नास वर्षांत जमिनीला पाजलेलं विष तितक्याच वर्षांतही पुरतं उतरत नाही.

जिनिंगच्या जागेत मुख्यतः रुई-सरकीची धूळ आणि मशीनचं तेल, म्हणजे धोका त्या मानानं कमी. पण कातडी कमावण्याचा कारखाना असेल, प्लेटिंगचं काम असेल, रंगाई असेल, बॅटऱ्या फोडत असतील, कीटकनाशकाचं गोदाम असेल तर तिथं क्रोमियम, शिसं असलं काही मुरलेलं असू शकतं. लहान मुलं मातीत खेळतात, हात तोंडात घालतात, आणि शिशाचा परिणाम त्यांच्या मेंदूवर होतो. माती तपासून घ्या, हे सांगणं त्यासाठी. पण इथं एक मेख आहे. शेतकऱ्याला जी मृदा आरोग्य पत्रिका मिळते तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश, सामू, जस्त, लोह असं पिकाच्या कामाचं तपासतात. त्या कागदावर 'उत्तम' आलं म्हणून खूश व्हायचं नाही, कारण शिसं आणि क्रोमियम तिथं बघतच नाहीत. जड धातूंची तपासणी वेगळी मागावी लागते, तशा प्रयोगशाळा मोठ्या शहरांत असतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे त्या कारखान्याचे जुने कागद मागता येतात. आणि शंका असेल तोवर त्या मातीत पालेभाजी लावायची नाही, कोणी कितीही 'परसबाग' 'परसबाग' म्हटलं तरी.

दुसरं, शेडवरचे सिमेंटचे पत्रे. ते बहुतेक अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. जागच्या जागी असताना तितकं नाही, पण फोडले, कापले, ओढले की त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात आणि श्वासातून फुप्फुसात जातात. आजार कित्येक वर्षांनी डोकं वर काढतो. श्रमदानाच्या उत्साहात मुलांना "चला रे, पत्र्याचे तुकडे गोळा करा" असं कृपा करून सांगू नका. ते काम ठेकेदाराकडून, पाणी मारत, तोंडाला योग्य मास्क लावून, न फोडता उतरवून घ्यायचं असतं.

आपल्याकडे माहीमला, मिठी नदीकाठी, धारावीच्या शेजारी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. शाळेच्या सहलीला मुलं तिथं जातात, तुमच्यापैकी काही जणी गेल्याही असतील. ३७ एकरांची ती जागा म्हणजे मुंबईचं कचरा टाकण्याचं मैदान होतं. कचऱ्याच्या ढिगावर माती टाकून झाडं लावायला सुरुवात झाली, पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अलींच्या हातून तिथं पहिलं रोप लागलं, आणि १९९४ साली ते उद्यान लोकांसाठी खुलं झालं. आज आत शिरल्यावर कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही, की आपण कचऱ्यावर चालतोय. पण त्याला दहा-बारा वर्षं द्यावी लागली. निवडणुकीच्या आधी उद्घाटन करायचं असेल तर मात्र कारंजंच बरं.

जुन्या इमारतींचं काय, हा प्रश्न आमच्याकडे निघाला तेव्हा बहुतेकींचं मत पडलं, पाडून टाका, भीती वाटते. आमच्याच गल्लीतल्या एक आजी, वय ऐंशीच्या पुढे, त्या मात्र चिडल्या. तरुणपणी त्या जिनिंगमध्ये रेच्यावर कापूस टाकायला जात. "आम्ही तिथं पोटं भरली, पोरं वाढवली. त्या धुळीनं खोकून खोकून मेल्या कितीक. अन् तुम्ही म्हणता पाडा? एक तरी रेचा ठेवा, पोरांना दाखवायला." सभा गप्प झाली. कामगार म्हटलं की डोळ्यांसमोर पुरुष येतो, पण जिनिंगमधली निम्मी कामं बाया करत होत्या, हे आमच्या मुलींना माहीतच नाही.

आजींच्या म्हणण्याला आधार आहे तो जर्मनीत. ड्युइसबुर्गमध्ये थिसेन कंपनीचा पोलादाचा कारखाना १९८५ साली बंद झाला. तिथं पीटर लात्झ या रचनाकारानं काहीही चकचकीत न करता उद्यान उभं केलं, ते १९९४ मध्ये खुलं झालं. लोखंडाच्या भट्टीवर लोक जिन्यानं चढून गाव बघतात. खनिज साठवायच्या उंच भिंतींच्या खणांमध्ये बागा आहेत. गॅसच्या टाकीत पाणी भरून पाणबुडे सराव करतात. जिथं आजोबा घाम गाळत होते तिथं नातू खेळतो, आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत, रात्रीही जाता येतं. एवढं अवाढव्य आपल्याला करायचं नाही. एक शेड, एक चिमणी, एक रेचा. इमारत पक्की आहे की नाही हे इंजिनिअरकडून तपासून घेऊन मगच, हे ओघानं आलंच.

रात्रीही जाता येतं, हे लिहिताना माझा हात जरा थांबला. आपल्याकडच्या बागा सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ. या वेळा कोणी ठरवल्या? सकाळी सहा ते नऊ म्हणजे पाणी, डबे, मुलांची शाळा. संध्याकाळी पाच ते आठ म्हणजे चहा, दिवाबत्ती, स्वयंपाक. बाईला वेळ मिळतो तो दुपारी दोन ते चार, आणि तेव्हा फाटकाला कुलूप! आम्ही निवेदनात पहिली मागणी हीच घातली, की दुपारी फाटक उघडं पाहिजे. दुसरी, संडास, पाण्यासह आणि आतून लागणाऱ्या कडीसह. तिसरी, कंपाउंडची भिंत कमरेएवढी, वर जाळी. उंच भिंतीनं बाई सुरक्षित होत नाही, आत काय चाललंय ते रस्त्यावरून दिसलं की होते. बाकं एकेकटी लांब न ठेवता समोरासमोर, म्हणजे चौघी जणी बोलत बसतील.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांचा अभ्यास करून २०११ साली 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिलं. त्यातला एक मुद्दा मला फार पटला. बाई घराबाहेर दिसते ती काहीतरी कामानं, निदान काम असल्याचं दाखवत. हातात पिशवी असते, कानाला फोन असतो. पुरुष पानटपरीवर नुसता उभा राहू शकतो, तिला ती मुभा नाही. मुंबईचं हे, मग आपल्या गावचं काय बोलावं! "कुठं निघालात?" या प्रश्नाला "कुठं नाही, बागेत बसायला" असं उत्तर आमच्यातल्या किती जणी देऊ शकतील? देवळात जाणं चालतं, हळदीकुंकू चालतं. नुसतं बसणं चालत नाही. चार एकरांची ती जागा मला हवी आहे ती यासाठीसुद्धा. शुगर कमी होईल ते वेगळं.

आता कागदाचं. प्रत्येक नगरपरिषदेचा विकास आराखडा असतो. नगररचना विभागात जाऊन तो नकाशा पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे. कंपाउंडचा सर्व्हे नंबर सात-बारावर किंवा मालमत्ता पत्रकावर मिळेल, तो नकाशात शोधायचा आणि त्यावर कुठला रंग, कुठलं आरक्षण आहे ते विचारायचं. जागा एमआयडीसीत असेल तर नियोजनाचे अधिकार एमआयडीसीकडे, तिथं जायचं. सहकारी सूतगिरणी असेल तर बँकेचा बोजा असतो, अवसायक नेमलेला असतो, त्याला भेटायचं. नवीन आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की हरकती-सूचनांसाठी मुदत मिळते. नोटीस वर्तमानपत्रात येते, जिथं आपण कधी बघत नाही अशा पानावर. त्या मुदतीत लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची आणि सुनावणीला स्वतः जायचं. नवऱ्याला पाठवायचं नाही.

आणि आरक्षण पडलं म्हणून निवांत व्हायचं नाही. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या १२७ व्या कलमानुसार, आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित केली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत पालिका हलली नाही तर आरक्षण उडतं. किती तरी गावांतली बागांची आरक्षणं अशीच झोपेत गेली आहेत. दहा वर्षं म्हणजे मोठा काळ वाटतो. पहिलीतलं मूल दहावी पास होतं तेवढ्यात. स्थानिक स्वराज्य संस्थांत आज निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तेव्हा आपल्या वॉर्डातल्या नगरसेविकेला हे कलम क्रमांकासह सांगून ठेवा, आणि तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहा.

आमच्या कंपाउंडच्या मागच्या अर्ध्या भागावर बागेचं आरक्षण आहे, पुढच्या भागाचा ले-आउट एका बिल्डरनं टाकला आहे. आराखड्याला आठ वर्षं झाली. निवेदनावर साडेतीनशे सह्या आणि अंगठे झाले, त्यात मोळीवाल्या सात जणींचे आहेत आणि आजींचाही. पुढच्या महिन्याच्या सभेत विषय घेऊ असं तोंडी सांगितलंय, लेखी अजून मिळालेलं नाही, म्हणून दर सोमवारी दोघी-दोघी जाऊन विचारून येतो. पळसाच्या शेंगा वाळल्यात, त्या गोळा करून ठेवल्या आहेत. पावसाआधी पिशव्या भरायच्या आहेत.